४०.७४४ कॉइल

गेल्या अंकात ‘ऑर्डर नगावर, बिल वजनावर’ या त्रांगड्याबद्दल पत्रं मागवली होती. वाटलं होतं चार-पाच येतील. त्यापेक्षा बरीच आली आणि निम्म्यांचा सूर एकच: ताई, सॉफ्टवेअर ऐकत नाही. सहा वर्षं मी स्वतः डिस्पॅचच्या टेबलावर बसून काट्याच्या पावत्या फायलीला लावल्या आहेत, त्यानंतर सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांच्या बाजूला गेले. त्यामुळे दोन्हीकडच्या शिव्या मला पाठ आहेत. जागेअभावी सात पत्रं घेते, आधी पत्र आणि त्याखाली माझं उत्तर. पहिल्यालाच सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण बाकीच्यांचं मूळ त्यातच आहे.

आम्ही तारेच्या कॉइल विकतो. ग्राहक मागतो कॉइलची संख्या, दर ठरलेला किलोवर. एक कॉइल साधारण २५ किलोची, पण कधी २४.२ भरते, कधी २६.१. आयटम मास्टरला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वस्तूच्या मूळ नोंदीत, ‘१ कॉइल = २५ किलो’ असं टाकलंय. परवा ४० कॉइल पाठवल्या, काट्यावर १,०१८.६ किलो भरल्या. बिल निघालं १,००० किलोचं. म्हणून डिस्पॅचच्या माणसाने डिलिव्हरी चलनावर वजन दुरुस्त केलं. बिल बरोबर आलं, पण १०० पैकी आता स्टॉकमध्ये ५९.२५६ कॉइल दिसतात. गोदामात ६० उभ्या आहेत. चूक कुणाची?

डिस्पॅचच्या माणसाला काही बोलू नका. त्याने खरं वजन टाकलं, हे त्याचं कामच होतं. चूक मास्टरमधल्या त्या बरोबरच्या चिन्हाची आहे.

एक डझन म्हणजे १२, एक टन म्हणजे १,००० किलो. असं गुणोत्तर कधी बदलत नाही, म्हणून ते मास्टरला लिहून ठेवता येतं. तुमचं २५ हे गुणोत्तर नव्हे, ती सरासरी आहे. सॉफ्टवेअरला हा फरक कळायला मार्ग नाही. त्याने १,०१८.६ ला २५ ने भागलं, ४०.७४४ कॉइल पाठवल्या असं मानलं आणि १०० मधून तेवढ्या वजा केल्या. त्याच्या बाजूने गणित चोख आहे.

दर किलोला ८० धरा, रुपये असोत की डॉलर. पहिल्या बिलात ८०,००० लागले, खरे लागायला हवेत ८१,४८८. म्हणजे दुरुस्ती केली नाही तर पैसे बुडतात आणि केली तर स्टॉक बिघडतो. मी पाहिलेल्या एका कारखान्यात यावर तोडगा म्हणून महिनाअखेरीला एक जण ‘स्टॉक ॲडजस्टमेंट’ करत बसायचा. अपूर्णांकातल्या कॉइल पुन्हा पूर्णांकात आणायच्या, एवढंच त्याचं काम. दोन वर्षं ते चाललं होतं. खरी चोरी झाली असती तर तीही त्याच नोंदीत गडप झाली असती.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि त्याला ‘कॅच वेट’ म्हणतात. वस्तूला दोन मापं द्यायची, नग आणि वजन, आणि दोन्ही प्रत्येक व्यवहारात स्वतंत्रपणे नोंदवायची. माल गेला की स्टॉकमधून ४० नगही वजा होतात आणि १,०१८.६ किलोही. एकावरून दुसरं काढायचं नाही. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते, नावं मात्र निरनिराळी. एसएपीमध्ये मूळ एकक आणि समांतर एकक अशी जोडी असते. ओरॅकलमध्ये प्राथमिक आणि दुय्यम एकक असतं आणि दोहोंमधली तफावत किती चालेल ते ठरवता येतं. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये वस्तूला ‘कॅच वेट’ ची खूण करून एका नगाचं नाममात्र, किमान आणि कमाल वजन भरतात. तुमचं २५ जाईल ते या ‘नाममात्र’ च्या खान्यात. त्याचा उपयोग ऑर्डर घेताना अंदाजाची रक्कम दाखवण्यापुरता. माल काट्यावर चढला की त्याचं काम संपलं.

किमान-कमाल भरायचा कंटाळा करू नका. तुमच्या आकड्यांवरून २३.५ आणि २७ ठेवा. कुणी घाईत २५.४ ऐवजी २५४ दाबलं तर सॉफ्टवेअरने तिथल्या तिथे अडवलं पाहिजे.

बिल ऑर्डरवरून काढायचं नाही, डिस्पॅचच्या नोंदीवरून काढायचं, हेही सेटिंगमध्ये पक्कं करून घ्या. सांगायला सोपं वाटतं, पण कित्येक ठिकाणी बिलाचं बटण ऑर्डरच्याच पानावर असतं आणि अकाउंट्सला तेच जवळ पडतं.

तुमचं सॉफ्टवेअर लहान असेल आणि त्यात दोन मापांची सोय नसेल तर? तर तुमच्या धंद्यात नग मोजायची गरज खरोखर आहे का, ते आधी ठरवा. नसेल तर सरळ किलोत विका आणि नगांची संख्या शेऱ्यात लिहा. ओडू या सॉफ्टवेअरमध्ये बिलाचं धोरण ‘ऑर्डर केलेलं प्रमाण’ किंवा ‘पाठवलेलं प्रमाण’ असं निवडता येतं. त्यातलं दुसरं घ्या. पण एक खोड लक्षात ठेवा: ऑर्डर १,००० किलोची आणि गेले ९९४.६, तर उरलेले ५.४ किलो ‘बाकी पाठवायचे’ म्हणून पडून राहतात. अशा ५.४, ३.१, ७.८ किलोच्या बाक्यांनी भरलेली पन्नास पानांची यादी मी पाहिलेली आहे. खरी राहिलेली ऑर्डर त्या यादीत कुणाला दिसणार? डिस्पॅच पूर्ण झालं की ऑर्डर बंद करायची सवय लावा, किंवा कमी-जास्तीची मर्यादा घालून ती आपोआप बंद होऊ द्या.

नग मोजायचेच असतील तर प्रत्येक कॉइलला स्वतःचा नंबर द्या आणि त्या नंबराला तिचं वजन जोडा. स्टॉक नगात ठेवा, आणि बिलात निवडलेल्या कॉइलींच्या वजनांची बेरीज गुणिले दर. एवढी दुरुस्ती बहुतेक कोणताही प्रोग्रामर करून देतो.

आणि नंबर न देता दोन मापं सुरू केलीत, तर काही महिन्यांनी नवं भूत दिसेल: ‘० नग, ३.२ किलो’. शेवटची कॉइल गेली तरी वजन शिल्लक. घाबरू नका. आवकेच्या वेळी सगळ्या एकत्र तोलल्या, जावकेच्या वेळी सुट्या, आणि प्रत्येक वेळी काट्याचा थोडा फरक पडला, त्याची ही साठवण. नग शून्यावर आले की उरलेलं वजन ‘वजन फरक’ अशा वेगळ्या खात्यात काढून टाका. वेगळं खातं एवढ्यासाठी की वर्षाकाठी तो आकडा पाहता यावा. थोडं अधिक, थोडं उणं असं येत राहिलं तर ठीक. सतत एकाच बाजूला झुकत असेल तर काटा तपासायला माणूस बोलवा.

ऑर्डर घेतली तेव्हा दर ८० होता. माल तीन आठवड्यांनी गेला, तोवर दरपत्रक ८४ झालं. आम्ही एसएपी वापरतो. बिल वजनावर नव्याने निघालं तेव्हा त्याने ८४ लावले आणि ग्राहक खवळला. वजन नवं पण दर जुना, हे जमतं का?

जमतं. ऑर्डर किंवा डिलिव्हरीवरून बिल तयार होताना दराचं काय करायचं, हे कॉपी कंट्रोलमधलं (एका कागदावरून पुढच्यात काय उतरवायचं त्याची सेटिंग) ‘प्रायसिंग टाइप’ ठरवतं. तुमच्याकडे तिथे ‘बी’ दिसेल; त्याचा अर्थ सगळी किंमत पहिल्यापासून काढ. ‘डी’ ठेवलं तर ऑर्डरवरचे किमतीचे घटक जसेच्या तसे येतात. ‘जी’ मध्ये दर ऑर्डरचाच राहतो, कर मात्र पुन्हा ठरतात. तुमच्या वर्णनावरून मला ‘जी’ योग्य वाटतं. बदल थेट चालू यंत्रणेत करू नका. चाचणीच्या यंत्रणेत एक ऑर्डर, एक डिलिव्हरी, एक बिल असं काढून पाहा.

तुमच्या सल्लागाराला आणखी एक विचारा: दराची अट कोणत्या मापावर चालते? एसएपीमध्ये ती नगावर, ढोबळ वजनावर किंवा निव्वळ वजनावर लावता येते. ढोबळ वजनावर लागली असेल तर ग्राहक लाकडी पॅलेटचेही तारेच्या दराने पैसे देतोय.

१,००० किलो किंवा जास्त घेतले तर २ टक्के सूट असा टप्पा आहे. ग्राहकाने हिशेब करून बरोबर ४० कॉइल मागितल्या. गेल्या ९९४ किलो. सॉफ्टवेअरने सूट काढून घेतली. नियमाप्रमाणे बरोबर आहे, पण…

तो ‘पण’ बरोबर आहे. हलक्या कॉइली तुम्ही निवडल्या, ग्राहकाने नव्हे. त्याने टप्पा गाठेल इतकं मागितलं होतं. माझं मत स्पष्ट आहे: सवलतीचा टप्पा मागितलेल्या मालावर ठरवा आणि पैसे पाठवलेल्या वजनावर घ्या. दोन्ही गोष्टी एकाच आकड्याला बांधल्यात तर उद्या गोदामातला माणूस टप्पा चुकवण्यासाठी किंवा गाठण्यासाठी कॉइली निवडायला लागेल. सॉफ्टवेअरला हे सांगता येतं: टप्प्यांची सूट ऑर्डरच्या वेळी एकदा ठरवून गोठवायची आणि बिलाच्या वेळी पुन्हा तपासायची नाही.

आमच्या वे-ब्रिजवर (अख्खी गाडी तोलायचा काटा) १,०२० किलो, ग्राहकाच्या वे-ब्रिजवर ९८०. दोन्ही काटे प्रमाणित आहेत, शिक्के आहेत. दर वेळी भांडण. सॉफ्टवेअरमध्ये कोणाचं वजन धरायचं?

दोघांचंही धरू नका. एवढ्या मालासाठी वे-ब्रिज वापरताय तिथेच गोम आहे.

तुम्ही पावत्यांच्या प्रती जोडल्यात म्हणून नेमकं बोलता येतं. तुमच्याकडे भरलेली गाडी १२,०००, रिकामी १०,९८०. त्यांच्याकडे ११,९८० आणि ११,०००. सगळे आकडे २० च्या पटीत आहेत, म्हणजे काट्याची एक पायरीच, तो दाखवतो तो सगळ्यात लहान फरक, २० किलोची. चारही आकड्यांत फरक आहे तो एकेका पायरीचा. काट्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे, ओआयएमएल आर ७६. तिच्यानुसार व्यापारात नेहमी लागणाऱ्या तिसऱ्या वर्गाच्या काट्याला ५०० ते २,००० पायऱ्यांच्या दरम्यान पडताळणीच्या वेळी एक पायरी इकडे-तिकडे चालते आणि वापरात असताना त्याच्या दुप्पट. १२,००० किलो म्हणजे ६०० पायऱ्या, १०,९८० म्हणजे ५४९. म्हणजे प्रत्येक तोलाला ४० किलोपर्यंतची चूक नियमात बसते आणि तुम्ही तर दोन तोलांची वजाबाकी करताय. भांडताय तेही ४० किलोंवरूनच. दोन्ही शिक्के खरे आहेत.

त्यात ड्रायव्हर एका तोलाला केबिनमध्ये आणि दुसऱ्याला खाली उतरलेला असला तर ७० किलो तिथेच गेले. मधे २० लिटर डिझेल भरलं असेल तर सुमारे १७ किलो वाढले. (मी टेबलावर असताना एक ड्रायव्हर हमखास पाण्याची टाकी दोन तोलांच्या मधे भरायचा. त्याच्या मनात काही नसायचं, त्याला तहान लागायची.)

प्लॅटफॉर्म काटा घ्या, १५० किलो क्षमतेचा, ५० ग्रॅमच्या पायरीचा. प्रत्येक कॉइल त्यावर तोला. २५ किलोच्या आसपास पडताळणीला जास्तीत जास्त एका पायरीची, वापरात दोन पायऱ्यांची, म्हणजे १०० ग्रॅमची चूक चालते. चाळीसही कॉइली एकाच दिशेला चुकल्या तरी ४ किलो. मग करारात लिहा: विक्रेत्याच्या काट्यावरचं सुटं निव्वळ वजन अंतिम, आणि ग्राहकाच्या मोजणीत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक निघाला तरच फेरतोल. अर्धा टक्का हा माझा अंदाज, तुम्ही आपसात ठरवा. सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचं वजनही नोंदवा, पण वेगळ्या खान्यात आणि बिलाशी न जोडता.

आम्ही पोलादी प्लेट विकतो, सूत्रावरच्या वजनाने. काही ग्राहक प्रत्यक्ष वजनाचा आग्रह धरतात. एकाच आयटमला दोन्ही चालवायचं कसं?

ही निवड आयटमवर टाकू नका, ग्राहकाच्या करारावर टाका. सूत्र सोपं आहे, घनमीटरला ७,८५० किलो. १० मिमी जाडीची, १.२५ बाय २.५ मीटरची प्लेट सूत्राने २४५.३ किलो. रोलिंगमध्ये जाडी १०.२ मिमी आली तर तीच प्लेट २५०.२ भरते. सूत्रावर विकलीत तर पाच किलो पोलाद तुम्ही फुकट दिलंत. उलट जाडी कमी आली तर फायदा तुमचा, आणि नेमकं म्हणूनच काही ग्राहक काटा मागतात. ऑर्डर छापताना दराशेजारी ‘सूत्र वजन’ किंवा ‘प्रत्यक्ष वजन’ असे शब्द आलेच पाहिजेत. आणि स्टॉकमधून मात्र दोन्ही वेळा खरं वजनच वजा व्हावं, नाहीतर वरच्या ० नगांचं भूत तुमच्याकडे चांगलं दणकट होऊन येईल.

ज्यांचा माल ओलावा धरतो किंवा सोडतो त्यांचीही दोन पत्रं आहेत. त्यांना इथेच सांगते. लाकडाच्या लगद्याच्या व्यापारात हा प्रश्न कधीच सोडवलेला आहे. तिथे भाव असतो ‘हवेत सुकलेल्या’ टनाला, म्हणजे ९० टक्के कोरडा लगदा आणि १० टक्के पाणी असं धरलेल्या टनाला. काट्यावर १०० टन भरले आणि नमुन्यात ८८ टक्के कोरडेपणा निघाला, तर बिल ९७.८ टनांचं. तेव्हा तुम्हाला काट्याचं वजन, कोरडेपणाचा टक्का आणि बिलाचं वजन असे तीन खाने लागतील. टक्का येईपर्यंत बिल अडवून ठेवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे का, ते बघा.

प्रत्येक कॉइलवर बारकोड लावतो, त्यात वजन असतं. नवं लेबल सुरू केल्यापासून एका गाडीचं बिल दहापट आलं. प्रिंटरवाला स्कॅनरकडे बोट दाखवतो, स्कॅनरवाला सॉफ्टवेअरकडे.

तुम्ही पाठवलेल्या लेबलच्या फोटोतच उत्तर आहे. जीएस१-१२८ या तुमच्या प्रकारच्या बारकोडमध्ये निव्वळ वजन किलोत लिहायचं तर आधी चार अंकी ओळख येते, ३१० आणि पुढे एक अंक. तो चौथा अंक सांगतो की नंतरच्या सहा अंकांत दशांशाचे किती. ३१०३ आणि ०२५४६० म्हणजे २५.४६० किलो. तुमच्या नव्या लेबलवर छापलंय ३१०२ आणि ०२५४६०, म्हणजे २५४.६० किलो. स्कॅनरने बरोबर वाचलं, सॉफ्टवेअरने बरोबर गुणलं. लेबलचा साचा बनवणाऱ्याने एक अंक चुकवला. जुनी लेबलं गोदामात शिल्लक असतील आणि त्यांच्यावर ३१०३ असेल तर हरकत नाही, ती आणि दुरुस्त केलेली नवी शेजारी नांदू शकतात. फक्त चुकीची छापलेली सगळी शोधून काढा.

वजन बदलणाऱ्या मालाच्या १४ अंकी जीटीआयएनची (बारकोडमधला वस्तूचा ओळख क्रमांक) सुरुवात ९ ने करायची असते, तेही एकदा पाहून घ्या. आणि पहिल्या पत्राच्या उत्तरातलं किमान-कमाल तुमच्याकडे भरलेलं नाही, हे उघडच आहे.

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस म्हणतो, कॅच वेट ‘होतं’. डेमोही छान झाला. आणखी काय पाहू?

डेमो त्याच्या आकड्यांवर झाला असेल. प्रत्येक खोका बरोबर २० किलोचा, असंच ना? पुन्हा बोलवा आणि कीबोर्ड स्वतः घ्या.

दहा नगांची ऑर्डर टाका. सहा नग पहिल्या गाडीत, प्रत्येकाचं वजन वेगळं. चार दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गाडीत. दोन बिलं निघतात का आणि ऑर्डर पूर्ण म्हणून बंद होते का, ते पाहा. मग त्यातला एक न उघडलेला नग परत घ्या. क्रेडिट नोट त्या नगाच्या बिलावरच्या वजनाने निघायला हवी. सरासरी वजनाने निघाली तर विचारा का. अंदाजाच्या रकमेवर ग्राहकाची उधारीची मर्यादा काठोकाठ भरेल अशीही एक ऑर्डर घाला आणि वजन जास्त टाका. गाडी भरून उभी असताना सॉफ्टवेअर बिल अडवतं की नुसता इशारा देतं, हे तुम्हाला विकत घेण्याआधी कळलेलं बरं.

शेवटी स्टॉकचा अहवाल उघडायला सांगा. नगाचा रकाना आणि किलोचा रकाना शेजारी-शेजारी दिसले पाहिजेत. ‘तो रिपोर्ट वेगळा बनवून देऊ’ असं उत्तर आलं तर तो बनवायचा खर्च आत्ताच लिहून घ्या.